तो प्यायला का लागला आणि आता थांबत का नाही: दारूच्या व्यसनाची कारणे शोधण्याची एक रीत

सातारा-सांगलीकडच्या घरांत दारू पिणाऱ्या माणसाविषयी विचारले, तर कारण बहुधा तयार असते. संगत वाईट लागली, द्राक्षबाग अवकाळीत गेली, मुंबईची नोकरी सुटली, बायकोशी पटत नाही, बापही असाच होता, आणि यांपैकी काहीच लागू पडेनासे झाले की कुणीतरी करणी केली. करणी सोडली तर यांतली बरीच कारणे अर्धी खरी असतात. अडचण अशी की ती सगळी एकाच प्रश्नाची उत्तरे म्हणून दिली जातात आणि प्रश्न मात्र दोन आहेत: हा माणूस प्यायला का लागला, आणि आज तो थांबू का शकत नाही. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा माणसांत, प्रसंगांत आणि गावात सापडते. दुसऱ्याचे उत्तर मोठ्या प्रमाणात त्याच्या शरीरात असते. लग्न करून दिले की सुधारेल, नोकरी लागली की सुटेल, या आशेवर घरे वर्षानुवर्षे काढतात ती हे दोन प्रश्न एकच धरल्यामुळे. पुढे दिलेली रीत पत्नी, आई, भाऊ किंवा मोठी झालेली मुले यांनी एका साध्या वहीच्या आधारे वापरायची आहे. वहीत जमा होणारी माहिती डॉक्टरांपुढे किंवा समुपदेशकापुढे ठेवण्यासाठी आहे. भांडणात ती पुरावा म्हणून काढली गेली, तर त्या दिवसापासून तिच्यात खरे काही लिहिले जाणार नाही.

सुरुवातीलाच एक सावधगिरी

रोज आणि भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काही जणांना भास होऊ लागतात, वेळकाळाचे भान सुटते. या शेवटच्या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. खोलीत कोंडून ‘उतरवणे’ हा उपाय नव्हे. पूर्वी कधी असे झटके आले असतील, तर ते वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावे आणि दारू सोडवण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुरू करावे.

माप काढणे

कारणे शोधण्याआधी प्रमाण नीट कळले पाहिजे, कारण ‘थोडीशी घेतो’ आणि ‘फक्त बिअर घेतो’ ही दोन्ही वाक्ये काहीच सांगत नाहीत. विदेशी मद्याची क्वार्टर १८० मिलिलिटरची असते आणि आपल्याकडे त्यात मद्यार्काचे प्रमाण सहसा ४२.८ टक्के असते. हिशोब केला तर एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क जातो. दहा ग्रॅमचे एक प्रमाणित माप धरले, तर ही सहा मापे झाली. ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार मापे. म्हणून अशा दोन बाटल्या पिणारा माणूस क्वार्टर पिणाऱ्यापेक्षा जास्त मद्यार्क घेत असतो, मग तो स्वतःला कितीही सौम्य समजो. हातभट्टीच्या दारूचे प्रमाण ठरलेले नसते, त्यामुळे तिथे फक्त किती ग्लास आणि दिवसातून किती वेळा एवढेच लिहावे.

दारू पिणे आणि दारूचे व्यसन जडणे यांत फरक करण्यासाठी डॉक्टर बराच काळ सहा लक्षणांची कसोटी वापरत आले आहेत. पिण्याची अनावर ओढ लागते. सुरू केल्यावर किती प्यायची यावर ताबा राहत नाही. न मिळाल्यास शरीर त्रास देते. पूर्वीइतक्या दारूने चढत नाही आणि मात्रा वाढते. घर, शेती, छंद, नातीगोती मागे पडत जातात. आणि पोटाचे किंवा संसाराचे नुकसान स्वतःला दिसत असूनही पिणे चालू राहते. गेल्या वर्षभरात यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे एकत्र दिसली असतील, तर ती व्यसनाची अवस्था धरली जाते. निदान डॉक्टरांनीच करायचे आहे, पण घरच्यांनी वहीत प्रत्येक लक्षणासमोर एखादे घडलेले उदाहरण लिहिले तर त्यांचे काम पुष्कळ सोपे होते.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि २.७ टक्के लोकांना तिचे व्यसन आहे असे आढळले. म्हणजे पिणाऱ्या दर पाच-सहा जणांमागे साधारण एक जण अडकतो. त्याच ढाब्यावर, त्याच टेबलाशी, त्याच जत्रेच्या जेवणाला बसलेल्या सहा जणांपैकी हाच का अडकला, हे नुसत्या संगतीने उलगडत नाही. पुढची वही त्या प्रश्नासाठी आहे.

काळाची रेघ

वहीच्या मधल्या पानावर आडवी रेघ ओढावी आणि तिच्यावर वये टाकावीत. पहिला घोट कितव्या वर्षी, कुठे, कुणाबरोबर, केव्हापासून आठवड्याला, केव्हापासून रोज, केव्हापासून एकट्याने, केव्हापासून सकाळी. या पाच खुणांमधली अंतरे पुष्कळ काही सांगून जातात. पहिला घोट फार लहान वयात झाला असेल तर ती खूण गंभीर समजावी, कारण माणसाचा मेंदू विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत पंधरा वर्षांच्या आत पिऊ लागलेल्यांमध्ये पुढे व्यसन जडण्याचे प्रमाण विशीनंतर सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे चौपट आढळले होते. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. लग्नाच्या वरातीत नववी-दहावीतल्या पोराच्या हाती ग्लास देणाऱ्या काका-मामांना ती ठाऊक असतेच असे नाही, आणि ठाऊक असली तरी त्या रात्री कुणी आठवत नाही.

रोज पिणे आणि एकट्याने पिणे यांच्या आसपास आयुष्यात काय घडले होते ते रेघेच्या वर लिहावे. कुणाचा मृत्यू, कर्ज, बदली, अपघात, निवृत्ती, गाव सोडणे, पुराचे साल. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी कृष्णाकाठची अनेक घरे मोडली आणि अशा साली पिणे वाढले असल्यास तारखा जुळतात. पण जुळलेली तारीख लगेच कारण मानू नये. पुष्कळदा रेघ नीट काढल्यावर दिसते की नोकरी गेल्यामुळे पिणे वाढले हे घरात रूढ असलेले उत्तर उलटे आहे. पिणे आधी वाढले होते, हजेऱ्या बुडत गेल्या आणि मग नोकरी गेली. काळाची रेघ काढण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच.

रेघेच्या खाली खाडे लिहावेत, म्हणजे जे दिवस, आठवडे किंवा महिने त्याने दारूला हात लावला नाही ते. घरचे लोक पिण्याचे दिवस तोंडपाठ सांगतात आणि खाडे विसरतात. मला मात्र खाड्यांइतकी उपयोगी माहिती दुसरी वाटत नाही. श्रावणात महिनाभर सोडली होती का? माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत पंढरपूरला गेली त्या वारीत चालला होता का? कावीळ झाली तेव्हा किती दिवस थांबला? प्रत्येक खाड्यासाठी तीन गोष्टी टिपाव्यात: तो कशामुळे थांबला, थांबल्यावर पहिल्या तीन दिवसांत शरीराला काय त्रास झाला, आणि कोणत्या दिवशी, कोणत्या ठिकाणी पुन्हा सुरू झाली. पहिल्या तीन दिवसांत काहीच त्रास न होता श्रावण पाळणारा माणूस आणि दुसऱ्या दिवशी हात थरथरून ज्याला चहाची कपबशी धरता येत नाही असा माणूस, या दोघांची कारणे वेगळी आहेत आणि उपचारही वेगळे. पहिल्याला गळ्यातली तुळशीची माळ कदाचित पुरेशी होईल, कारण माळ घातली की सोबती बदलतात, संध्याकाळची वेळ भजनाकडे जाते आणि गावात आग्रह करणारे हात आखडतात. दुसऱ्याला माळ घालण्याआधी दवाखाना लागतो.

रक्तातले कारण

जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक गेलेल्या मुलांच्या अभ्यासांवरून असे दिसते की व्यसन जडण्याच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. यासाठी कोणतेही एकच जनुक जबाबदार नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येतो. त्यामुळे बाप पीत होता म्हणून मुलगा पिणारच, असे ठरत नाही. मात्र त्याने पहिला ग्लास उचलणे हे शेजारच्या मुलाने उचलण्याइतके निर्धास्त नसते.

वहीत तीन पिढ्यांची वंशावळ काढावी. आपल्याकडे वंशावळ म्हटले की वडिलांकडचीच सांगितली जाते. इथे आईकडचीही तितकीच महत्त्वाची आहे, म्हणून मामा आणि आजोळचे आजोबा वगळू नयेत. जुन्या मृत्यूंची कारणेही पुन्हा विचारावीत. ‘काविळीने गेले’, ‘पोटात पाणी झाले’, ‘रक्ताची उलटी झाली’, अशा नोंदींमागे प्रत्येक वेळी दारू नसते, परंतु यकृत कामातून गेले की हेच दिसते, आणि घरातल्या म्हाताऱ्या बायकांना खरे काय ते बहुधा माहीत असते.

याच पानावर एक प्रश्न असा लिहावा: सुरुवातीपासून त्याला जास्त पिऊनही कमी चढत असे का? गावात अशा तरुणाचे कौतुक होते, गडी पचवतो म्हणून. प्रत्यक्षात ज्याला थोडक्यात चढते त्याला शरीर वेळेवर थांबवते, आणि ज्याला चढत नाही तो आणखी पितो. अशा लोकांना पुढे व्यसन जडण्याचा धोका अधिक असल्याचे संशोधनात दिसून आले आहे. पचवणे ही ताकद नसून धोक्याची खूण आहे, हे मुलांना वेळीच सांगण्यासारखे आहे.

उताऱ्याचे गणित

आता दुसरा प्रश्न, थांबत का नाही. मेंदूत काही रसायने पेशींना शांत करतात आणि काही उत्तेजित करतात. दारू गाबा या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा परिणाम दाबते. म्हणून सुरुवातीला सैलावल्यासारखे वाटते, झोप येते. त्याच वेळी डोपामिनच्या वाटेने मेंदू नोंद करतो की हे पुन्हा हवे. रोजच्या पिण्याने मेंदू स्वतःला या स्थितीशी जुळवून घेतो, शांत करणारी बाजू मंद करतो आणि उत्तेजित करणारी वाढवतो. अशा मेंदूतून सकाळी दारू उतरली की तोल एकदम उत्तेजनाच्या बाजूला कलतो. हात थरथरतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो आणि घोटभर घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत सगळे शांत होते. लोक याला उतारा म्हणतात.

उतारा घेणारा माणूस मजेसाठी पीत नसतो. तो बसस्थानकामागच्या दुकानाचे शटर उघडण्याची वाट पाहत उभा असतो तेव्हा त्याला त्रास थांबवायचा असतो, आणि त्याच वेळी घरी त्याच्यासाठी ‘लाज नाही’ हा शब्द वापरला जात असतो. त्याने आदल्या रात्री मुलांची शपथ घेतलेली असते आणि ती घेताना तो खोटे बोलत नव्हता. शपथ मोडण्याचे कारण पहाटे पाच वाजता त्याच्या शरीरात तयार होते. ज्या वहीत सकाळच्या पिण्याची नोंद आहे, त्या घराने समजावणे, शपथा आणि धमक्या बाजूला ठेवून आधी वैद्यकीय मदत शोधावी.

उतारा घेणारे बरेच जण नीट जेवत नाहीत, त्यामुळे ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कमी होते आणि त्यातून स्मरणशक्तीला कायमची इजा पोहोचू शकते. अशक्तपणा आला म्हणून गावातच ग्लुकोजचे सलाईन लावून घेण्याआधी डॉक्टरांना पिण्याचे प्रमाण स्पष्ट सांगावे. थायमिन आधी द्यायचे की नाही हे त्यांना त्यावरूनच ठरवता येते.

मनाचे दुखणे

नैराश्य, सततची चिंता, लोकांत बोलण्याची भीती, झोप न लागणे, लहानपणी झालेली मारहाण किंवा अत्याचार ही पिण्याच्या मागची वारंवार आढळणारी कारणे आहेत. गुंता असा की दारू स्वतःही नैराश्य आणि निद्रानाश वाढवते, त्यामुळे पिणे चालू असताना आधी काय होते ते ठरवता येत नाही. दोन मार्ग आहेत. काळाच्या रेघेवर पहावे की पिणे सुरू होण्यापूर्वीही ही लक्षणे होती का. आणि दारू सुटल्यावर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पहावे की ती उरली आहेत का. उरली असतील तर त्यांचा वेगळा उपचार झाल्याशिवाय दारू टिकून सुटणे अवघड असते. जगण्यात अर्थ नाही असे तो बोलत असेल, तर मात्र आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.

गाव, पैसा आणि काम

उसाचे बिल कारखान्याकडून जमा झाले, बेदाण्याचा सौदा झाला, मुकादमाकडून उचल मिळाली, की हातात एकरकमी पैसा येतो. तासगाव, पलूस, वाळवा, कराड या भागात पैसा असा हंगामाने येतो आणि अनेकांचे पिणेही हंगामाने चढते. वहीत पिण्याच्या मोठ्या दिवसांसमोर पैसे कधी आले होते ते लिहून पाहावे. पैसा आल्यावरच पिणारा आणि उधारीवरही पिणारा यांत व्यसनाच्या पायरीचा फरक असतो.

कामाचा प्रकारही पाहावा. हमाली, ऊसतोड, रात्रपाळीचे यंत्रमाग यांत अंग ठणकते आणि झोप हवी असते. खानापूर-आटपाडीकडून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर गेलेली, किंवा माण-खटावकडून मुंबईला गेलेली माणसे वर्षातले दहा-अकरा महिने कुटुंबापासून दूर एका खोलीत पाच-सहा जण राहतात. सैन्यातून निवृत्त झालेल्या काहींचे दिवसाचे वेळापत्रकच एका रात्रीत नाहीसे होते. यांपैकी कशालाही कारण म्हणण्यापूर्वी, त्याच खोलीतले आणि त्याच पलटणीतले न अडकलेले लोक आठवावेत आणि वंशावळीचे पान शेजारी ठेवावे. बहुतेक वेळा एक कारण पुरत नाही. दोन-तीन एकमेकांवर पडतात.

निवडणुकीच्या आणि जत्रेच्या ओल्या पार्ट्यांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, त्या सर्वांना ठाऊक आहेत. स्त्रियांविषयी मात्र लिहिले पाहिजे. वरच्या सर्वेक्षणात पिणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण १.६ टक्के आढळले. संख्या लहान आहे, पण बदनामीच्या भीतीने त्या दवाखान्यापर्यंत फार उशिरा पोहोचतात, आणि घरचेही त्यांच्या बाबतीत कारण न शोधता थेट माहेरी धाडण्याच्या गोष्टी करतात.

जी कारणे नसतात

बायकोची कटकट हे व्यसनाचे कारण नाही. कटकट बहुधा पिण्यानंतर सुरू झालेली असते, आणि रेघेवर तिची तारीख टाकली की ते दिसतेच. लग्न हे औषध नाही. लग्न लावून दिल्याने एका माणसाचा त्रास दोघांचा होतो आणि वर्षभरात पाळण्यातल्या तिसऱ्याचाही. पत्रिका, करणी, बाहेरची बाधा यांवर गेलेला पैसा आणि वेळ परत मिळत नाही. भिंतींवर आणि एसटीच्या खिडकीमागे ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती दिसतात, त्यांपासून तर कटाक्षाने दूर राहावे. डायसल्फिरामसारखे औषध डॉक्टर रुग्णाच्या संमतीने आणि तपासण्या करून देतात. ते त्याला नकळत भाजीत मिसळले आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो.

घरच्यांच्या वागण्याने व्यसन सुरू होत नाही, तरी त्याने ते पोसले जाऊ शकते. उधारी फेडणे, कामावर ‘ताप आलाय’ असे खोटे कळवणे, रात्री पोलिसांकडून सोडवून आणून सकाळी त्याविषयी अवाक्षर न काढणे, अशा गोष्टींसाठी वहीत एक वेगळे पान ठेवावे. ते पान लिहायला सर्वांत जड जाते.

विचारायचे कसे आणि न्यायचे कुठे

त्याच्याशी बोलायचे ते तो शुद्धीत असताना, शक्यतो न्याहारीनंतर, एकाच माणसाने आणि भावकी जमवल्याशिवाय. ‘का पिता?’ या प्रश्नाला सबब मिळते. ‘केव्हा’, ‘कुठे’, ‘त्या आधी काय झाले होते’, या प्रश्नांना आठवणी मिळतात. “अहो, मागच्या आषाढात तुम्ही घेतली नव्हती, तेव्हा झोप कशी लागत होती?” अशा वाक्याने बोलणे उघडते. तो म्हणेल ते त्याच्या शब्दांत लिहावे आणि खोटे वाटले तरी त्या वेळी खोडू नये.

वही घेऊन जिल्हा शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी सुरू केलेले ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी उभे केलेले ‘मुक्तांगण’ आहे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा पिणाऱ्यांसाठी असतात आणि कुटुंबीयांसाठी अल्-अॅनॉनच्या. दुसरीला तो यायला तयार नसतानाही घरच्यांना जाता येते. कुठल्याही खासगी केंद्रात भरती करण्यापूर्वी नोंदणी आहे का, डॉक्टर प्रत्यक्ष किती वेळा येतात आणि घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावे. मारहाण करून सुधारणारी केंद्रेही असतात आणि ती भेटू देत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना वहीतली चार पाने पुढे ठेवावीत: माप, काळाची रेघ खाड्यांसह, वंशावळ, आणि पूर्वीच्या फिट, भास, कावीळ, चालू औषधे यांची नोंद. पैशांचे आणि भांडणांचे पान समुपदेशकासाठी राखावे.

उपचारानंतर पुन्हा पिणे झाले, तर वही बंद न करता त्याच रेघेवर नवी खूण करावी, आणि आठवण ताजी असताना दोन दिवसांच्या आत लिहावे: त्या दिवशी जेवण झाले होते का, कुणाशी वाद झाला होता का, तो एकटा होता का, आदल्या रात्री झोप किती झाली होती, खिशात पैसे कुठून आले, आणि पहिला ग्लास कोणाच्या हातून आला. पुढच्या तपासणीला हेच पान आधी दाखवावे.